वरच्या मजल्यावरचे चौदा तास

बँकेत अधिकारी झालो त्या दिवशी सेवानियमांची एक जाडजूड पुस्तिका माझ्या हातात पडली. तिच्यात प्रवासभत्त्याचे एक प्रकरण होते आणि कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने कोणत्या वर्गाने प्रवास करायचा, याचा तक्ता दिलेला होता. माझ्या श्रेणीपुढे छापले होते, ‘रेल्वे, पहिला वर्ग’. ती ओळ मी दोनदा वाचली. शनिवारी पाटोद्याला घरी गेलो तेव्हा हिलाही मोठ्याने वाचून दाखवली. ही चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि एवढेच विचारले, ‘‘पण पाटोद्याला रेल्वे कुठंय?’’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढची पस्तीस वर्षे बँकेकडेही नव्हते.

पाटोदा म्हटले की हल्ली लोक विचारतात, ‘‘ते आदर्श गाव का?’’ ते नव्हे. ते पाटोदा औरंगाबादजवळचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचे. आमचे पाटोदा बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या डोंगरांतले, तालुक्याचे ठिकाण. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते आणि आम्हाला फारसे काही न देता पूर्वेकडे निघून जाते. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो, पण त्याचे पाणीही खालच्या दरीत उडी मारून पुढे जाते. दसरा झाला की माणसे निघतात. कोयते, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे असा सगळा संसार ट्रकवर चढवून टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. निघून जाणे हे आमच्याकडे नदीपासून माणसांपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. मात्र ते सगळे रस्त्याने. नगर–बीड–परळी रेल्वेची मागणी माझ्या जन्माच्याही आधीची, मंजुरी १९९५ च्या सुमाराची. आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांनी ती रेल्वे फक्त निवडणुकीच्या भाषणांत ऐकली.

तेव्हा पहिला वर्ग कागदावर राहिला आणि मी एस.टी.ने हिंडत राहिलो. परतूर, केज, उमरगा अशा बदल्या झाल्या. प्रवासभत्त्याच्या बिलात ‘प्रवासाचे साधन’ या रकान्यात ‘एस.टी., साधी’ असे लिहिताना पात्रतेचा रकाना शेजारीच असे. तिथे ‘पहिला वर्ग’ लिहावे लागे. दोन्ही रकाने एकाच शाईत. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने ते पाहून शेरा मारला होता, ‘पात्रतेपेक्षा कमी दर्जाचा प्रवास, हरकत नाही.’ हे वाक्य मी माझ्या पहिल्या कादंबरीत वापरले. समीक्षकांच्या ते लक्षात आले नाही.

आता २०२३ च्या उन्हाळ्याकडे येतो.

आमचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. संगणकाची नोकरी, कामानिमित्त सारखा विमानात. विमान कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना प्रत्येक प्रवासाचे काही गुण देतात. पॉइंट म्हणायचे त्यांना. हा प्रकार अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू केला आणि मग सगळ्यांनीच उचलला. पॉइंट साठत गेले की त्यांचे तिकीट मिळते. आयुष्यभर व्याजाचे हिशेब केलेल्या माणसाला हे नाणे कळायला जड जाते, कारण त्याचा भाव विमान कंपनी मनात येईल तेव्हा बदलते आणि खातेदाराने तक्रार करायची ती कुठे, हे कुणाला माहीत नसते. असो. तर मुलाने सहा-सात वर्षांचे पॉइंट साठवले होते आणि आम्ही दोघे पहिल्यांदाच त्याच्याकडे निघालो होतो. एका रात्री त्याचा फोन आला.

‘‘अण्णा, मुंबई ते दुबई तुम्ही दोघं साध्या वर्गानं. पुढचं न्यूयॉर्कपर्यंतचं एक तिकीट पहिल्या वर्गाचं होतंय. एकच होतंय. दोन होत नाहीत.’’

‘‘कशाला रे उगीच? ठेव तुझे पॉइंट तुलाच,’’ मी म्हणालो. वाचकांना सांगायला हरकत नाही, की हे म्हणताना मी ते तिकीट मनोमन घेऊन टाकले होते. कारणेही तयार होती. माझी कंबर धरते. इंग्रजी मला येते, तिथे कुणी काही विचारले तर उत्तर देता येईल. आणि मी लेखक आहे. असा अनुभव लेखकाला मिळाला तर चार लोकांपर्यंत पोचेल, हिला मिळून काय होणार? नियमांच्या पुस्तिकेतली ती जुनी ओळही आठवली. उशिरा का होईना, पात्रता पदरात पडत होती.

दोन दिवसांनी तिकिटे आली. संगणकावर उघडली. पहिल्या वर्गाच्या तिकिटावर नाव हिचे होते.

मुलाने मला विचारलेही नव्हते. विचारण्यासारखे त्यात काही आहे, असे त्याला वाटलेच नसावे. मला राग आला, हे कबूल करतो. कुणावर, ते नीट सांगता येईना, म्हणून मी तो राग अभ्यासात घातला. बँकेतल्या माणसाची ही जुनी खोड. वसुली झाली नाही की फाइल काढून वाचत बसायचे. प्रवासाला पंधरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत विमानाच्या पहिल्या वर्गाविषयी जे जे हाती लागले, ते मी वाचून काढले.

आपल्याकडच्या हवाई वाहतुकीतला पहिला प्रवासी माणूस नव्हता, टपालाची पिशवी होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले तेव्हा त्यांच्या छोट्या पुस मॉथ विमानात पत्रे होती. प्रवासी नंतर आले. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, त्यात पस्तीसच प्रवासी होते. त्या काळी विमानात वर्गच नसत. विमानात बसणे हाच वर्ग. ज्याला परवडते तो बसतो, बाकीचे खालून पाहतात, इतका सरळ हिशेब.

त्या जूनमध्ये पाटोदा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचीही स्वतःची विमान कंपनी होती, हे मला या वाचनात कळले. डेक्कन एअरवेज. १९४५ मध्ये हैदराबाद संस्थान आणि टाटा यांनी मिळून ती काढली, बेगमपेठेहून तिची विमाने उडत. ज्या संस्थानात आमच्या आजोबांना बीडला जायला बैलगाडीचा मुक्काम करावा लागे, त्याच संस्थानाची डाकोटा विमाने डोक्यावरून जात असतील. आजोबांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेले, १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती कंपनीही गेली.

वर्ग आले ते विमानात गर्दी आल्यावर. १९५२ मध्ये अटलांटिक महासागरावरून जाणाऱ्या विमानांत स्वस्त दराचा टुरिस्ट वर्ग निघाला, १९५८ मध्ये त्याहून स्वस्त इकॉनॉमी. म्हणजे पहिला वर्ग नव्याने कुणी काढला नाही. खाली दुसरा निघाला म्हणून आधीचा पहिला ठरला. बँकेतही मी हे पाहिले आहे. शिपायाच्या खाली अर्धवेळ सफाईवाला नेमला की शिपाई एकदम साहेबासारखा खुर्चीत रेलून बसू लागतो.

१९७१ मध्ये एअर इंडियाची जम्बो विमाने आली. त्यांच्या माथ्यावर कुबडासारखा छोटा मजला होता आणि तो पहिल्या वर्गाच्या प्रवाशांच्या बैठकीसाठी सजवलेला असे. पण झोपायचे ते खुर्चीतच, फार तर खुर्ची जास्त मागे जाई. अगदी सपाट पलंग होणारी आसने ब्रिटिश एअरवेजने पहिल्या वर्गात आणली ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर. २००० मध्ये त्याच कंपनीने तसा पलंग बिझनेस वर्गालाही दिला आणि तिथे पहिल्या वर्गाचे दिवस फिरले. आडवे होऊन झोपता येते म्हटल्यावर आणखी दुप्पट पैसे कोण कशासाठी देईल? एकेक कंपनी पहिला वर्ग काढून टाकू लागली. आपल्या एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ विमानांत, ३४२ आसनांची जी मोठी विमाने होती त्यांत, पहिल्या वर्गाची आसने फक्त चार. बिझनेसची ३५ आणि बाकी ३०३ इकॉनॉमीची. जानेवारी २०२४ पासून या कंपनीची नवी ए-३५० विमाने उडू लागली, त्यांत तर पहिला वर्ग ठेवलेलाच नाही.

आपल्या देशात विमानप्रवास आता दुर्मीळ उरलेला नाही. २०२४ या एका वर्षात देशांतर्गत विमानांतून सोळा कोटींहून अधिक फेऱ्या झाल्या. आमच्या गल्लीत सर्वांत आधी विमानात बसले ते हजला गेलेले एक चाचा. परत आल्यावर महिनाभर त्यांच्या ओट्यावर बैठक भरे. आता पाटोद्यात विमानात बसलेली माणसे मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरायची नाहीत. पण यांतल्या बहुतेक विमानांत पहिला वर्ग नसतोच. जिथे आहे तिथे तो पाचशे माणसांत दहा-चौदांचा. आमचे दुबईचे विमान एअरबस ए-३८० जातीचे, पूर्ण दोन मजल्यांचे होते. वर पुढच्या बाजूला पहिल्या वर्गाच्या चौदा खोल्या, त्यामागे बिझनेस वर्ग, आणि खालचा अख्खा मजला आमचा.

बाजारभावाने ते एका वेळचे तिकीट सात लाखांच्या घरातले होते, हे मुलाने मला नंतर सांगितले, तेही आई स्वयंपाकघरात आहे असे पाहून. मी लगेच मनात भागाकार केला. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मुकादमाकडून मिळणारी हंगामाची उचल लाखाच्या आसपास असते. सात जोड्या, पाच-सहा महिने. हा भागाकार मी हिला कधीच सांगितला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दुबईच्या विमानतळावर पहिल्या वर्गाच्या लोकांसाठी वेगळे विश्रामगृह असते. ही गेली नाही. ‘‘तुम्ही हितं बाकावर आन् मी तिकडं काय करू?’’ म्हणून माझ्याशेजारीच बसून राहिली. मी अभ्यासाच्या जोरावर तिला सूचना देत होतो. खोलीला दार असते, ते कळीने सरकते. जेवण मागाल तेव्हा मिळते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वर दोन न्हाणीघरे आहेत, पाच मिनिटे गरम पाण्याचा फवारा मिळतो. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. नंतर म्हणाली, ‘‘दशम्यांची पिशवी तुमच्याकडं ठिवा. चटणीची पुडी वर हाय, सांडू नका.’’

विमानात चढायला दोन मजल्यांना दोन वेगळे पूल होते. तिथे आम्ही वेगळे झालो. लग्नाला अडतीस वर्षे झालेली. त्यांतली निम्मी मी बदलीच्या गावी आणि ही पाटोद्याला, अशीच गेली. तेव्हा वेगळे होण्याची दोघांनाही सवय. पण आजवर प्रत्येक वेळी निघून जाणारा मी असे आणि दारात उभी राहणारी ही. या वेळी मी रांगेत उभा राहिलो आणि ही वरच्या पुलावरून, पायांत नव्या सपाता, हातात स्वेटरची पिशवी, मागे वळून न पाहता चालत गेली. मागे वळून पाहिले असते तर गेली नसती, असे तिने पुढे सांगितले.

माझी खुर्ची मधल्या रांगेत मधली. पुढच्या खुर्चीची पाठ हाताच्या अंतरावर. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ, दुसऱ्या बाजूला तान्हे मूल घेतलेली बाई. या वर्गाविषयी मी तक्रार करणार नाही. एस.टी.च्या मागच्या चाकावरच्या बाकापेक्षा ती खुर्ची नक्कीच बरी होती. पण चैन पडेना. हिला घाबरल्यासारखे होईल का? पट्टा लावता येईल का? ‘काय हवे’ म्हणून विचारले तर संकोचाने ‘काही नको’ म्हणून उपाशी राहील. तीन-चार तासांनी दिवे मंद झाले तसा मी उठलो आणि पुढे चालत गेलो. अगदी पुढे, नाकाकडच्या टोकाला एक रुंद जिना आहे. त्याच्या पायथ्याशी दोरी लावलेली. मी दोरीपाशी उभा राहिलो.

एक हवाईसेविका आली. सुदैवाने हिंदी बोलणारी होती. तिला सांगितले, वर माझी पत्नी आहे, पहिल्यांदाच प्रवास करते आहे, काही लागले तर ती सांगणार नाही. ‘‘वर जाता येणार नाही,’’ ती नम्रपणे म्हणाली. ‘‘पण मी पाहून येते.’’ ती वर गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली.

‘‘आंटीजी झोपल्या आहेत. जेवणसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, दार पूर्ण लावून घ्या आणि मला उठवू नका.’’

‘‘दार पूर्ण लावून घ्या म्हणाल्या?’’

‘‘हो. दोनदा सांगितलं.’’

मी परत खुर्चीत येऊन बसलो. शेजारच्या तान्ह्या मुलाने तेवढ्यात सूर लावला होता.

माझी आई २००६ च्या पावसाळ्यात पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आणि २०१७ पर्यंत होती. अकरा वर्षे. त्या काळात मी उमरग्याला, मग जालन्याला, मग आणखी कुठे. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने निघायचे. मुलगा शिकायला पुण्याला. घरात या दोघी. आईच्या खोलीचे दार रात्री आपोआप लागायचे, चौकट जुनी होऊन कललेली. म्हणून हिने त्या दारात एक लाकडी ठोकळा ठेवला होता आणि आपल्या खोलीच्या दाराला जात्याची जुनी पाळ. दोन्ही दारे उघडी राहिली म्हणजे आईने हाक मारलेली ऐकू येई. आईची हाक शेवटी शेवटी हाक राहिली नव्हती, घशातला एक आवाज होता. त्या आवाजाला ही झोपेतून उठे. रात्री तीनदा, कधी पाचदा. मी घरी असलो की मीही ऐकायचो आणि कूस बदलायचो. ‘तुम्ही झोपा, तुम्हाला सोमवारी जायचंय,’ हे तिचे ठरलेले वाक्य. मी ते आज्ञाधारकपणे पाळले. आई गेल्यावरही कित्येक महिने तो ठोकळा आणि ती पाळ जागच्या जागी होती. दिवसकार्य झाल्यावर मी ठोकळा उचलायला गेलो तर ही म्हणाली, ‘‘राहू द्या. दार लागलं की मला झोप येत नाही आता.’’

हे सगळे मला त्या मधल्या खुर्चीत आठवले असे म्हटले तर ते कादंबरीतले वाटेल. पण तसेच झाले. मुलाने तिकीट काढताना विचारले का नाही, तेही तेव्हा कळले. तो दहावीपर्यंत त्या घरात होता. त्याच्या खोलीचे दारही रात्री उघडेच असायचे.

मी दशमीची पिशवी काढली. चटणीची पुडी सांभाळून उघडली आणि दोन दशम्या खाल्ल्या. शेजारच्या धिप्पाड गृहस्थांना वास आला असावा. त्यांनाही एक दिली. ते मूळचे पेशावरकडचे निघाले.

न्यूयॉर्कला वरच्या मजल्याचे प्रवासी आधी उतरले. मी पारपत्राच्या रांगेजवळ पोचलो तेव्हा ही खांबाला टेकून उभी होती. चेहरा वेगळाच दिसत होता. थोड्या वेळाने कळले की डोळ्यांखालची सूज गेली होती. गेली कित्येक वर्षे मी तो चेहरा सुजेसकटच ओळखत होतो.

‘‘दशम्या खाल्ल्या का?’’ तिने पहिल्यांदा हेच विचारले.

‘‘खाल्ल्या. तू काय केलंस?’’

‘‘झोपले.’’

‘‘चौदा तास?’’

‘‘आठ-नऊ तर झालेच असतील. उठल्यावर त्या पोरीनं उपीट दिलं. उपीट नव्हतं ते, पण तसंच काहीतरी.’’

बाकीचे हळूहळू, पुढच्या महिनाभरात, भाजी निवडताना आणि नातीची वेणी घालताना तुकड्यातुकड्याने बाहेर आले. खोलीत एक आरसा होता, भोवती दिव्यांची ओळ. ‘‘तमाशातल्या बाईचा असतो तसा.’’ झोपायला सदरा-पायजमा दिला, तो तिला दीड माणसाचा झाला. हवाईसेविकेने आंघोळीचे विचारले तेव्हा हिने नको म्हणून सांगितले. पाटोद्याला त्या मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांआड येत होते, ते तिच्या डोक्यात पक्के होते. ‘‘एवढं पाणी वर न्यायचं आन् मी ते अंगावर वतायचं?’’ समोरच्या खोलीतला एक परदेशी म्हातारा सारखा घंटी वाजवत होता, त्याची तिला काळजी वाटली. ‘‘एकटाच होता. बोलायला कुणी नसंल, म्हणून वाजवीत असंल.’’

यात माझ्या उपयोगाचे फारसे काही नव्हते. लेखक म्हणून मला हवे होते ते चांदीचे चमचे, मद्यांची नावे, गालिच्याचा रंग. ही सांगत होती म्हाताऱ्याची घंटी. शेवटी एक दिवस मी सरळच विचारले, ‘‘पण तुला वाटलं कसं? पहिल्या वर्गात बसून?’’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘केबिनीत बसल्यासारखं.’’

मला उमजेना. तेव्हा तिने सांगितले. तिचे आई-बाप ऊसतोडीला जात. मला हे माहीत होते, पण आमच्याकडे त्याचा उल्लेख होत नसे. माझ्या आईला सुरुवातीला ते रुचले नव्हते, त्यातून तो विषय बंद झालेला. सातवीत नाव घालेपर्यंत ही दरवर्षी त्यांच्याबरोबर जायची. ट्रकमध्ये मागे, भांड्यांवर आणि पाचटाच्या भाऱ्यांवर बसून. मुकादम पुढे ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये. तिथे काच असे, वारे लागत नसे, गादी असे. केबिनमध्ये बसायला मिळावे म्हणून पोरे रडत. एका वर्षी हिला निघतानाच ताप भरला. मुकादमाला दया आली आणि त्याने हिला केबिनमध्ये उचलून घेतले. अख्खी रात्र ती त्या गादीवर निजून कारखान्यावर गेली.

‘‘लई छान झोप लागली होती,’’ ती म्हणाली. ‘‘सकाळी उतरले, तर माय मागं गारठून निळी पडलेली. तव्हा मागं माय होती. आता तुम्ही होतात.’’

मग उठून तिने कुकरची शिट्टी बंद केली.

सात जोड्यांचा तो भागाकार मी तिला का सांगितला नाही, ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल. तो तिने फार आधी, माझ्यापेक्षा चांगला केलेला होता.

परतीचा प्रवास दोघांनीही खालच्या मजल्यावरून केला. पॉइंट संपले होते. तो दीड माणसाचा पायजमा तिने पाटोद्याला आणला, त्याच्या दोन उशांच्या खोळी शिवल्या. कापड उत्तम आहे. दारातला ठोकळा मात्र आम्ही परत आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मला जागेवर दिसला नाही. मी विचारले नाही. पुढे तो बंबाशेजारी जळणाच्या ढिगात सापडला, तेव्हा मीच तो चुलीत घातला.

आणि रेल्वे आली. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. आमच्या तालुक्यातल्या अंमळनेरला, भांड्याचे अंमळनेर म्हणतात त्याला, स्थानक झाले. निवृत्त होऊन मला पाच वर्षे झाली होती, तरी मी ती पुस्तिका माळ्यावरून शोधून काढली. पुढच्या महिन्यात एका सकाळी आम्ही दोघे गाडीत बसायला गेलो. फलाटावर आजूबाजूच्या गावांतली माणसे नुसती गाडी बघायलाही आली होती. म्हातारी माणसे डब्याला हात लावून पाहत होती.

गाडी आली. हिने या टोकापासून त्या टोकापर्यंत डबे न्याहाळले.

‘‘यातला तुमचा पहिला वर्ग कुठला?’’

‘‘सगळे डबे सारखेच आहेत.’’

‘‘मग चढा की,’’ ती म्हणाली आणि खिडकीची जागा धरायला माझ्या पुढे आत शिरली.